काकतालीय

लौकिक न्यायांची यादी चाळताना एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. योगायोग आणि दैव यांची उदाहरणे म्हणून जे न्याय सांगितले जातात, त्यांतले निदान तीन वरून काहीतरी खाली पडण्याचे आहेत. काकतालीय न्याय मराठीत 'कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ' असा रुळला. पण पाणिनीच्या सूत्रावरील काशिकावृत्तीत त्याचे जे स्पष्टीकरण आहे त्यात फांदी नाही, ताडाचे फळ आहे. कावळा सहज म्हणून आला, फळही सहज म्हणून पडले, आणि त्या पडत्या फळाने कावळा मेला. मराठीने कावळ्याचा जीव वाचवला, एवढाच काय तो फरक. दुसरा न्याय अजाकृपाणीय. त्याच्या एका स्पष्टीकरणात बकरी खांबाला मान घासते, आणि वर सैल टांगलेली तलवार नेमकी तेव्हाच तिच्या मानेवर येते. तिसरा खल्वाटबिल्वीय. टक्कल पडलेला माणूस उन्हाने त्रासून झाडाच्या सावलीला जातो आणि झाडाचे फळ त्याच्या डोक्यावर आदळते. भर्तृहरीच्या नीतिशतकात ही कथा आहे आणि तिचे तात्पर्यही तिथेच सांगून टाकले आहे : दैव ज्याच्या पाठीस लागले तो जाईल तिथे संकटे त्याच्या आधी पोहोचलेली असतात.

वामन शिवराम आपट्यांच्या कोशातल्या यादीवरून आमच्या पिढीने हे न्याय पाठ केले आणि पुढे तीस वर्षे वर्गात शिकवले. शिकवताना कधी हसू आले, ते टकल्या माणसाला. तलवार कोणी टांगली होती, कशाने बांधली होती, खांबापाशी बकऱ्या नेहमी येतात हे टांगणाऱ्याला ठाऊक होते की नव्हते, हे प्रश्न कोणा विद्यार्थ्याने विचारले नाहीत. टीकाकारांनीही विचारले नाहीत. न्यायाचे कामच मुळी तो प्रश्न मिटवण्याचे आहे. 'काकतालीय' म्हटले की चौकशी संपली.

हे प्रश्न मला साहित्याने सुचवलेले नाहीत. ते एका पुस्तिकेतून आले. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा नवरा आमच्याच गल्लीत, कर्वेनगरात राहतो. तो समुद्रातल्या तेलविहिरींवर काम करणाऱ्या एका कंत्राटदार कंपनीत आहे. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. घरी असला की भाजीची पिशवी घेऊन दिवसाउजेडी हिंडताना दिसतो, त्यामुळे गल्लीतल्या निम्म्या लोकांचा समज आहे की त्याला नोकरी नाही. एके दिवशी तो इंग्रजी मजकुराची बारा पाने घेऊन आला. "मॅडम, हे आमच्या धक्क्यावरच्या माणसांसाठी मराठीत करून द्या. उरण, पनवेल, अलिबागकडची मुलं आहेत. हिंदी समजतं त्यांना, पण वाचायचं म्हटलं की मराठी बरं पडतं." विषय होता, उंचावरून वस्तू पडू न देणे आणि उपकरणे पक्की बांधून ठेवणे. मी म्हटले, बारा पाने या विषयावर? तो म्हणाला, "मॅडम, ही थोडक्यात आहेत."

मुंबई हाय हे नाव आपण शाळेपासून ऐकतो. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, सुमारे ७५ मीटर खोल पाण्यात ते तेलक्षेत्र आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या रिगने तिथली पहिली विहीर खोदली आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. त्याच 'सागर सम्राट'चे चित्र पुढे एक रुपयाच्या नोटेच्या मागे छापले गेले. माझ्या पिढीतल्या प्रत्येकाने ते हजारदा हाताळले आणि क्वचितच पाहिले. नोटेवर रिगचा मनोरा दिसतो, माणूस दिसत नाही. प्रत्यक्षात त्या मनोऱ्याच्या, म्हणजे डेरिकच्या, अगदी पायाशी माणसे उभी असतात. वर शेकडो वस्तू असतात : दिवे, कंस, कप्प्या, कठडे, केबलींचे पट्टे, नट-बोल्ट. सगळे काही खारट वाऱ्यात, सतत थरथरणाऱ्या पोलादावर. डेरिकची उंची साधारण ४५ मीटर धरली, तर वरच्या टोकावरून सुटलेली वस्तू तीन सेकंदांत खाली येते आणि पोहोचताना तिचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर असतो. तीन सेकंदांत 'अरे बाजूला हो' एवढे म्हणून होते. यंत्रांच्या आवाजात ते ऐकू जाऊन, समजून, पाय हलेपर्यंत काही उरत नाही. म्हणून या कामात सावध करण्याला फारशी किंमत नाही. जे करायचे ते वस्तू सुटण्याच्या आधी.

उत्तर समुद्रातल्या तेल उद्योगाने या एकाच गोष्टीसाठी १९९९ मध्ये 'ड्रॉप्स' नावाचा उपक्रम उभा केला. त्यांचा एक साधा तक्ता आहे. एका बाजूला वस्तूचे वजन, दुसऱ्या बाजूला पडण्याची उंची, आणि दोन्ही जुळवली की परिणामाचा अंदाज : किरकोळ इजा, मोठी इजा, मृत्यू. चाळीस ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा म्हणजे दखल घ्यावी अशी दुखापत, अशी एक ढोबळ सीमा मानतात. चाळीस ज्यूल म्हणजे एक किलोचा पाना चार मीटरवरून. घरातल्या माळ्याची उंची याहून थोडी कमी. पाव किलोचा एक बोल्ट डेरिकच्या टोकावरून पडला तर ही ऊर्जा शंभरावर जाते. आणि तक्त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती मला फार बोलकी वाटली : खालच्या माणसाने शिरस्त्राण घातलेले आहे. म्हणजे हेल्मेट घालूनही हे असे. खल्वाटाला दिलासा द्यावा असे त्यात काही नाही.

अनुवादाला बसले आणि शीर्षकापाशीच अडले. इंग्रजीत 'ड्रॉप्ड ऑब्जेक्ट' आहे, 'फॉलन' नाही. फॉलन म्हणजे पडलेली, ड्रॉप्ड म्हणजे पाडलेली किंवा पडू दिलेली. त्या एका धातूत कोणीतरी कर्ता दडलेला आहे, मग ती वस्तू वर कोणीही नसताना का पडलेली असेना. मराठीत मात्र आपण घसरतो ते थेट 'पडणे'कडे. पेला पडला, फळी पडली, भिंत पडली. कर्ता सांगावाच लागला तर तो पंचमीच्या आडोशाला जातो : माझ्या हातून पडला, त्याच्याकडून पडले. हात जणू वस्तू निघण्याचे एक ठिकाण, स्थानकासारखे. 'पाडणे' म्हटले की लगेच हेतू येतो, गुन्हा येतो, आंबे पाडणाऱ्या पोरावरचा दगड येतो. या दोहोंच्या मधले, हेतू नसला तरी जबाबदारी असलेले क्रियापद मराठीत आहे : 'पडू देणे'. ते आपण मुलांच्या बाबतीत वापरतो, शब्दांच्या बाबतीतही वापरतो, कोणाचा शब्द खाली पडू देऊ नये म्हणतो. वस्तूंच्या बाबतीत जवळजवळ नाही.

या क्षेत्रातले वर्गीकरणही असेच नेमके आहे. पडणाऱ्या वस्तू दोन प्रकारच्या. एक, कोणी धक्का दिला, यंत्र अडकले, पाना निसटला, म्हणून पडणारी. दुसरी, काहीही न होता, स्वतःच्या वजनाने पडणारी. गंजलेला कंस, थरथरीने हळूहळू उलगडत गेलेला नट, एकदा दुरुस्तीला उघडून पुन्हा नीट न बसवलेले झाकण. बकरीची तलवार पहिल्या प्रकारातली, ताडाचे फळ दुसऱ्या. पण खरी मेख अशी की दुसऱ्या प्रकारालाही तिथे 'आपोआप' म्हणत नाहीत. गंज चढायला महिने लागतात, नट सुटायला अनेक फेरे लागतात, आणि त्या प्रत्येक फेऱ्याच्या वेळी तो पाहता आला असता. कावळ्याची चौकशी तिथे कोणी करत नाही, फांदीची करतात. ती फांदी कितव्या महिन्यात किडली, आणि शेवटची कोणी पाहिली, कधी?

पुस्तिकेचा मोठा भाग बंधनांविषयी होता आणि तो मला मनापासून आवडला. वस्तूला तीन वेळा धरायचे. पहिले धरणे म्हणजे मूळ जोड : बोल्ट, वेल्ड, खिळा. दुसरे म्हणजे तो जोडच सैल होऊ नये यासाठीची अडसर : बोल्टच्या भोकातून घातलेली आणि टोके वाकवलेली स्प्लिट पिन, किंवा पीळ दिलेली तार. तिसरे, पहिली दोन्ही हरली तरी वस्तू खाली जाऊ नये यासाठीचा स्वतंत्र दोर, साखळी किंवा जाळी. पहिल्यावर विश्वास असूनही दुसरे, आणि दुसऱ्यावर असूनही तिसरे. माणसाच्या कामात चूक होणारच, हे मान्य करून रचलेली ही व्यवस्था आहे, आणि तरीही ती माणसाला सूट देत नाही.

इथे मराठी एकदम मदतीला आली. आपल्याकडे निरगाठ आहे आणि सुरगाठ आहे. ओढली की सुटते ती सुरगाठ, ओढली की आवळते ती निरगाठ. तपासणीसाठी तर 'खुंटा हलवून बळकट करणे' हा तयार वाक्प्रचार आहे. व्यवहारात आपण त्याचा अर्थ बोलण्यातून खातरजमा करून घेणे असा करून टाकला आहे, पण मुळात ती तपासणीच आहे : बसवलेला खुंटा हाताने हलवून पाहायचा, आणि हलला तर पुन्हा ठोकायचा. मी तो वाक्प्रचार सरळ शीर्षकाखाली घातला. उलट, वाड्यांतल्या विहिरी आठवल्या तर एक वेगळीच गंमत. पोहरा विहिरीत पडला की काढायला गळ असे. शेजारीपाजारी तो मागून नेत, त्याला सांभाळून ठेवत. पडलेले काढण्याची सोय आपण केली होती, पोहऱ्याला दुसरा दोर लावण्याची कोणाला गरज वाटली नव्हती. अर्थात विहिरीच्या तळाशी माणूस उभा नसे, हेही खरे.

उंचावर जाणारे प्रत्येक हत्यार बांधलेले असावे, हलके असेल तर पट्ट्याला, जड असेल तर माणसाला नव्हे, मजबूत लोखंडाला, कारण जड पाना निसटला तर तो आपल्याबरोबर माणसालाही ओढेल. वर नेलेल्या हत्यारांची मोजणी व्हावी आणि खाली आल्यावर पुन्हा व्हावी. आकडा जुळेपर्यंत काम संपले असे म्हणू नये. क्रेनने उचलायच्या पेटीच्या माथ्यावर आणि तळच्या खाचांत काही राहिले नाही ना ते धक्क्यावरच पाहावे, कारण तिथे विसरलेला लाकडाचा तुकडा समुद्रात जहाजाच्या डेकवर कोणाच्या तरी डोक्यावर जायचा. काम चालू असताना खालची जागा मोकळी. ही सगळी वाक्ये आज्ञार्थी, कोरडी, विशेषणांविना. मराठी गद्याचा अभ्यास करणाऱ्यांनी असा मजकूर एकदा तरी लिहून पाहावा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. त्यात एक शब्द सैल राहिला तर काय होईल ते लिहितानाच दिसते.

शीर्षकाचा शब्द शेवटी धक्क्यावरूनच आला. मी 'पडू दिलेली वस्तू' असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकले होते. मसुदा तिकडे वाचला गेला, तेव्हा उरणकडच्या एका वयस्क रिगरने म्हणे विचारले की, पडण्याची गोष्ट कशाला, ती आधी सुटते ना? 'सुटलेली वस्तू' म्हणा. पुस्तिकेवर तेच छापले आहे. 'सुटणे' या क्रियापदात गाठ आहे. जे सुटते ते कुठेतरी बांधलेले होते, आणि बांधणारा आपसूक आठवतो. शिवाय सुटलेली वस्तू अजून वर असू शकते. पडलेली नसते.

ही दृष्टी एकदा लागली की बातम्या निराळ्या वाचल्या जातात. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पावसावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. दुसऱ्याच दिवशी, २७ जुलैला, मुंबई हायच्या उत्तर भागातल्या बीएचएन या फलाटाला आग लागून तो काही तासांत नष्ट झाला आणि २२ माणसे गेली. त्याविषयी माझ्या वाचनात ललित असे काहीही आलेले नाही. एका जखमी माणसाला जहाजावरून फलाटावर घेण्यासाठी 'समुद्र सुरक्षा' हे जहाज खवळलेल्या समुद्रात जवळ आले होते. ते फलाटाच्या वायूवाहिनीवर आदळले. वस्तू पडण्याची ही घटना नव्हे, पण भलीमोठी वस्तू ताबा सुटून माणसांच्या जवळ येण्याचीच. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ ही बार्ज नांगर सुटून वाहत गेली, फलाटावर आपटली आणि १७ मे रोजी बुडाली. तिच्यावर २६१ माणसे होती. ती आणि 'वरप्रदा' ही टग मिळून ऐंशीहून अधिक जीव गेले. त्या आठवड्यात 'निसर्गाचा कोप', 'काळाचा घाला', 'क्रूर नियती' हे शब्द मी मराठी बातम्यांत किती वेळा वाचले त्याची गणती नाही. वादळाचे इशारे हवामान खात्याने काही दिवस आधीपासून दिलेले होते. शोकाला भाषा लागतेच, ती मी कोणाकडून हिरावून घेऊ इच्छित नाही. पण आपल्या शोकाच्या भाषेत कर्ता नेहमी आभाळात का राहतो? घरातला मुलगा गेलेल्या आईने नियती म्हणणे आणि बातमीदाराने, व्यवस्थापकाने, मंत्र्याने नियती म्हणणे, या दोन निरनिराळ्या कृती आहेत. शब्द तोच असल्यामुळे दुसऱ्याला पहिलीच्या दुःखाचा आडोसा मिळतो. भर्तृहरीचा श्लोक खल्वाटाच्या तोंडी ठीक आहे. झाडाच्या मालकाच्या तोंडी तो कसा वाटेल, ते एकदा वाचून पाहावे.

आता आमच्या कर्वेनगराविषयी. हे एकेकाळचे हिंगणे. महर्षी कर्व्यांनी १९०० साली आपला आश्रम इथल्या झोपडीत आणला आणि इथून ते गणित शिकवायला फर्ग्युसनला पायी जात. आज त्या वाटेवर दुतर्फा इमारती आहेत आणि निम्म्या इमारती पाडून पुन्हा बांधल्या जात आहेत. प्रत्येक दुसऱ्या भूखंडावर परांची, हिरवे कापड, आणि खालून स्त्री-शिक्षण संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांकडे जाणाऱ्या मुलींच्या सायकली आणि दुचाक्या. मागच्या पावसाळ्याआधी आमच्या शेजारच्या बांधकामावरून, चौथ्या मजल्यावरून, एक लाकडी फळी पदपथावर आली. तिथे एक बाई भाजी घेऊन बसतात. त्या तेवढ्यात पाणी भरायला आमच्या इमारतीत आल्या होत्या. फळी वांग्यांवर पडली.

संध्याकाळी दोन्ही इमारतींचे लोक जमले. "देवाची कृपा," असे एकजण म्हणाले, "बाईंची वेळ आली नव्हती," असे दुसरे. बांधकामावरच्या मुकादमाने वांग्यांचे पैसे देऊ केले आणि प्रकरण मिटल्यासारखे झाले. मी तक्ता काढून बसले. फळी सात किलोंची धरली, उंची बारा मीटर, तर आठशे ज्यूलच्या आसपास. सीमेच्या वीसपट. समुद्रावर अशी घटना नोंदवताना काय झाले हे विचारत नाहीत, काय होऊ शकले असते ते विचारतात. वांग्यांवर पडलेली फळी आणि बाईंवर पडलेली फळी यांची नोंद गंभीरतेच्या एकाच रकान्यात होते, कारण दोन्हींत फळी बांधलेली नव्हती, आणि बाई पाणी भरायला गेल्या यात बांधकाम करणाऱ्याचे कर्तृत्व शून्य. बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल यांनी १९७६ मध्ये 'नैतिक दैव' या नावाने ज्या प्रश्नाचा काथ्याकूट केला, की निष्काळजीपणा सारखाच असताना केवळ परिणाम वेगळा म्हणून दोष वेगळा का मानायचा, त्याला या मंडळींनी एका छापील रकान्यात उत्तर देऊन टाकले आहे. तत्त्वज्ञांना ते पुरेसे वाटणार नाही. मला त्या संध्याकाळी पुरले.

सभेत मी हे सांगितले तेव्हा चिडचिड झाली. 'काही झाले नाही ना' हे वाक्य चार जणांनी चार प्रकारे म्हटले. मुकादम मात्र ऐकत होता. तो लातूरकडचा, स्वतः पंधरा वर्षे परांचीवर चढलेला. त्याने सांगितले की फळ्या बांधायला बाइंडिंगची तार असते, पण फळी रोज सरकवावी लागते, दर वेळी तार सोडायची आणि पिळायची यात माणशी अर्धा तास जातो, आणि तो अर्धा तास कोणाच्या हिशोबात धरलेला नाही. हे ऐकून मी गप्प झाले, कारण समुद्रावरही सगळे तिथेच येऊन थांबते. आमचा शेजारी नेहमी म्हणतो की तिसरा दोर बांधायला लागणारा वेळ जिथे कामाच्या वेळात धरतात तिथेच तो बांधला जातो, बाकी ठिकाणी तो फक्त फलकावर असतो. तेल मौल्यवान आहे, रिगचे भाडे प्रचंड आहे, म्हणून तिथे कोणी तो वेळ मोजला. पदपथावरच्या वांग्यांसाठी तो अजून मोजला जायचा आहे.

इतिवृत्तात काय लिहायचे यावर बराच खल झाला. सचिवांनी लिहिले होते, 'शेजारील बांधकामावरून एक फळी पडली. सुदैवाने कोणासही इजा झाली नाही.' मी 'सुदैवाने' काढायला सांगितले आणि 'पडली'च्या जागी 'सुटली' सुचवले. 'सुदैवाने' राहिले, 'सुटली' मान्य झाले. पुढच्या आठवड्यात पहिल्या स्लॅबच्या पातळीवर बाहेर जाळी आली आणि पदपथाचा तेवढा भाग पत्रे लावून बंद झाला. भाजीवाल्या बाई आता समोरच्या बाजूला, औषधाच्या दुकानाच्या पायरीशी बसतात. तिथे दुपारी ऊन येते, अशी त्यांची तक्रार आहे.